गॅलरीतला ब्राउन विडो कोळी काढूनही पुन्हा का दिसतो : समस्या निवारण

पेस्ट कंट्रोल करून घेतले, जळमटे झाडून काढली, तरीही काही आठवड्यांत प्लास्टिकच्या खुर्चीखाली तेच विस्कळीत जाळे आणि त्यात लटकलेल्या त्याच काटेरी, पांढुरक्या गोळ्या पुन्हा दिसू लागल्या, अशी तक्रार मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांमधून पावसाळा सरता सरता माझ्याकडे येत असते. सोबत पाठवलेले छायाचित्र बहुधा दुरून आणि घाईघाईने काढलेले असते, आणि प्रश्न दोन असतात : हा कोळी विषारी आहे का, आणि तो पुन्हा पुन्हा का येतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बहुतेक घरांत कोळी मारला जातो, पण त्याच्या अंडपिशव्या, म्हणजे त्या काटेरी गोळ्या, जागच्या जागी राहतात किंवा झाडूने दुसऱ्या कोपऱ्यात ढकलल्या जातात. कोळ्याला आवडणारी अडचणीची जागाही तशीच राहते. या दोन गोष्टी सुधारल्याशिवाय फवारणी कितीही वेळा केली तरी उपयोग होत नाही.

आधी ओळख पक्की करावी

ओळखीची सुरुवात कोळ्यापासून न करता जाळ्यापासून करावी, कारण जाळे पळून जात नाही. ब्राउन विडोचे जाळे चक्राकार नसते. धागे वाटेल तसे गेलेले दिसतात, पण ते घट्ट ताणलेले असतात आणि त्यांतले काही उभे धागे थेट खालच्या फरशीला चिकटवलेले असतात. या उभ्या धाग्यांच्या खालच्या टोकाला चिकट थेंब असतात. सरपटत जाणारा मुंगळा किंवा झुरळाचे पिल्लू त्यांत अडकले की धागा फरशीपासून सुटतो आणि भक्ष्य वर खेचले जाते. घरातले नेहमीचे जळमट काडीला लागताच विरून जाते, तर या जाळ्याचा धागा काडीने ओढल्यावर ताणला जातो आणि तुटताना बारीकसा कटकट आवाज करतो. शांत वेळी कान देऊन हे पाहिले तर फरक लगेच कळतो.

त्यानंतर अंडपिशवी पाहावी. ओळखीची सर्वांत भरवशाची खूण तीच आहे. ती साधारण 1 सेंटिमीटर व्यासाची, गोल, पिवळसर पांढरी असते आणि तिच्या सर्व पृष्ठभागावर रेशमाची बारीक टोके उभी राहिलेली असतात. काळ्या विडो कोळ्यांची पिशवी गुळगुळीत असते, आणि आपल्या घरांतल्या इतर कोळ्यांपैकी कोणाचीही पिशवी अशी काटेरी नसते. छायाचित्र काढताना शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. त्याचा व्यास 27 मिलिमीटर असल्यामुळे आकाराचा अंदाज पाहणाऱ्याला नेमका येतो.

प्रत्यक्ष कोळ्याच्या रंगावर मात्र फारसे विसंबू नये. लॅट्रोडेक्टस जिओमेट्रिकस असे शास्त्रीय नाव असलेल्या या जातीचे वर्णन कोख या जर्मन कोळीतज्ज्ञाने 1841 मध्ये केले. ती मूळची बहुधा आफ्रिकेतली असून माणसाच्या सामानसुमानाबरोबर जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरली आहे, आणि भारतातही तिच्या नोंदी आहेत. मादीचे शरीर पाय सोडून साधारण 1 सेंटिमीटर भरते. रंग फिकट तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत कोणताही असू शकतो, पायांवर गडद पट्टे असतात आणि गोल उदराच्या पाठीवर नक्षी असते. उदराच्या खालच्या बाजूस डमरूच्या आकाराची नारिंगी खूण असते, आणि ती दिसली की शंका उरत नाही. नर इतका लहान असतो की तो सहसा लक्षातच येत नाही.

अडचण अशी की विडो कोळी जाळ्यात पाठ खाली आणि पोट वर करून लटकतो, त्यामुळे खुर्चीखाली वाकून पाहणाऱ्याला पाठच दिसते. अशा वेळी हातात जाड मोजे घालून, रुंद तोंडाची पारदर्शक बरणी जाळ्याखाली धरावी आणि लांब काडीने वरचे धागे तोडावेत. हा कोळी अंगावर धावून येत नाही. तो पाय आखडून बरणीत पडतो आणि काही वेळ मेल्यासारखा निश्चल राहतो. तेवढ्यात झाकण लावून बरणी फिरवावी आणि काचेतून पोट न्याहाळावे. पाठ, पोट, जाळे आणि पिशवी अशी चार स्वच्छ छायाचित्रे असतील तर आयनॅचुरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर जाणकारांकडून ओळख पटवून घेता येते. एकाच अस्पष्ट चित्रावरून कोणीही छातीठोकपणे नाव सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

माझ्याकडे ‘ब्लॅक विडो’ म्हणून आलेल्या चित्रांत बहुसंख्य कोळी निरुपद्रवी असतात. छताच्या कोपऱ्यात राहणारा, केसासारख्या लांब पायांचा, स्पर्श होताच अख्ख्या जाळ्यासह थरथरणारा कोळी म्हणजे क्रॉसोप्रिझा, आणि त्याची मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून हिंडते. लालसर पायांचा, काळपट तांबड्या उदराचा छोटा नेस्टिकोडिस रूफिपेस विडोच्याच कुळातला असल्यामुळे फसवतो, पण त्याच्या पोटावर डमरू नसतो आणि पिशवीवर काटे नसतात. कुंपणाच्या मेंदीवर किंवा बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्यांवर आडव्या तंबूसारखे दाट जाळे विणणारा सिर्टोफोरा वेगळाच आहे. रात्री स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिसणारा, हाताच्या पंज्याएवढा, चपटा हंट्समन कोळी तर सर्वांत जास्त घाबरवतो आणि सर्वांत जास्त उपयोगी असतो, कारण त्याचे मुख्य खाद्य झुरळे आहे. त्याची मादी पांढरी, चपटी पिशवी पोटाखाली धरून चालते. त्यालाही विषारी समजून चपलेने मारले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खऱ्या काळ्या विडो कोळ्यांच्या जातीही भारतात आहेत. ईशान्य भारतातली लॅट्रोडेक्टस एलेगन्स आणि भारत व श्रीलंकेत नोंदलेली लॅट्रोडेक्टस एरिथ्रोमेलास या त्यांपैकी होत. तरीही, मुंबईच्या गॅलरीत खुर्चीखाली काटेरी पिशव्यांसह वारंवार दिसणारा कोळी असेल, तर तो ब्राउन विडोच समजून पुढची पावले उचलावीत.

मूळ कारण अंडपिशवीत असते

एका पिशवीत साधारण 120 ते 150 अंडी असतात, आणि एक मादी आयुष्यात अशा वीसेक पिशव्या करू शकते. एकदा मीलन झाले की ती नराचे बीज शरीरात साठवून ठेवते आणि पुढे नर भेटला नाही तरी पिशवीमागून पिशवी करत राहते. म्हणून ‘एकच तर कोळी होता’ हे समाधान फसवे ठरते. मादी मारली आणि तीन पिशव्या तशाच राहिल्या, तर साधारण तीन आठवड्यांच्या आत त्याच कोपऱ्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात.

फवारणी इथे का कमी पडते, हे नीट समजून घ्यावे. फरशीवर आणि भिंतीवर राहणारे औषध त्या पृष्ठभागावरून चालणाऱ्या किड्याच्या पायांना लागते. विडो कोळी आपला जवळजवळ सगळा वेळ धाग्यांवर अधांतरी काढतो, त्यामुळे औषध त्याच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. अंडी तर रेशमाच्या दाट आवरणात असतात आणि वरवरचा फवारा त्यातून आत जात नाही. थेट अंगावर मारलेल्या फवाऱ्याने मादी मरते, घरमालक निश्चिंत होतो आणि पिशव्या लटकत राहतात.

काढण्याची योग्य वेळ म्हणजे अंधार पडल्यानंतरची. दिवसा मादी खुर्चीच्या पायाच्या पोकळीत किंवा कुंडीच्या काठाखालच्या खोबणीत दडून बसते, आणि रात्री ती जाळ्याच्या मध्यावर येते. टॉर्च आडवा धरून पाहिले की धागे चमकतात आणि मादी कुठे आहे ते कळते. आधी तिला बरणीत घ्यावे, मग लांब चिमट्याने एकेक पिशवी सोडवून साबणाच्या दाट पाण्यात बुडवून चिरडावी, किंवा झिपच्या पिशवीत बंद करून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी. झाडू वापरू नये. झाडूच्या फटक्याने पिशव्या उडतात, एखादी ग्रिलमधून खालच्या मजल्यावर पडते आणि शेजाऱ्यांच्या गॅलरीत नवी सुरुवात होते.

प्रत्येक पिशवी काढल्यावर ती डोळ्यांजवळ धरून एकदा फिरवून पाहावी. पिशवीला टाचणीने टोचल्यासारखे बारीक, गोल छिद्र असेल तर पिल्ले आधीच बाहेर पडली आहेत, आणि ती रिकामी पिशवी हलकी लागते. अशी एकही पिशवी सापडली तर काम संपले असे मानू नये. पिल्ले उंच टोकावर चढतात, हवेत धागा सोडतात आणि वाऱ्याबरोबर दूर जातात. त्यातली थोडीच जगतात, पण जी जवळपासच्या फटीत स्थिरावतात ती सुरुवातीला इतकी लहान आणि फिकट असतात की त्यांची नारिंगी खूणही नीट दिसत नाही. म्हणून पुढचे किमान दोन महिने दर आठवड्याला एकदा टॉर्च घेऊन त्याच जागा तपासाव्यात. हा कंटाळवाणा भागच गुण देतो, असा माझा अनुभव आहे.

त्याला जागा का आवडते

ब्राउन विडोला जमिनीलगतची, कोरडी, हलवाहलव नसलेली आणि वरून झाकलेली पोकळी हवी असते. मुंबईच्या इमारतींमध्ये अशा जागांची वाण नाही. एकात एक रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एसीच्या बाहेरच्या युनिटचा ब्रॅकेट, कुंडीखालची ताटली, स्टिल्ट पार्किंगमध्ये महिनोन्महिने उभी असलेली सायकल, मीटर रूमच्या दाराची खालची फट, गच्चीवरच्या टाकीचे झाकण आणि संस्थेच्या खोलीत वर्षभर बांधून ठेवलेले गणपतीच्या सजावटीचे साहित्य, या सगळ्या ठिकाणी त्याला हवे ते मिळते. पावसाळ्यानंतर माळ्यावर टाकलेले गमबूट आणि स्कूटरच्या आरशाला अडकवलेले हेल्मेट या दोन जागा मी मुद्दाम वेगळ्या सांगतो, कारण त्यांत आपण न पाहता हात, पाय किंवा डोके घालतो.

जागेइतकेच महत्त्व खाद्याला आहे. गॅलरीत रात्रभर जळणाऱ्या पांढऱ्या दिव्याकडे किडे येतात आणि मोरीच्या जाळीतून झुरळे येतात, तिथे कोळी राहणारच. दिवा पिवळसर प्रकाशाचा लावावा किंवा गरज नसताना बंद ठेवावा, मोरीला बारीक जाळी बसवावी, खुर्च्या भिंतीपासून दूर आणि सुट्या ठेवाव्यात, कुंड्या महिन्यातून एकदा उचलून त्यांचा तळ आणि काठ ताठ ब्रशने घासावेत. नर्सरीतून नवी कुंडी किंवा जुन्या बाजारातून फर्निचर आणल्यास ते घरात घेण्यापूर्वी उलटे करून पाहावे, कारण ही जात अशाच मार्गांनी पसरते.

एका घराने हे सगळे केले आणि खालच्या पार्किंगमध्ये पिशव्या लटकत राहिल्या, तर तक्रार पुन्हा येईल. त्यामुळे हे काम संस्थेच्या सचिवांना सांगून, पार्किंग, मीटर रूम आणि गच्चीसह एकाच आठवड्यात करून घ्यावे. मात्र सरसकट सगळी जाळी उतरवण्याचा हट्ट धरू नये. छतालगतचे क्रॉसोप्रिझा डास खातात, पाली कोळ्यांची पिल्ले टिपतात, आणि खिडकीच्या कोपऱ्यात मातीचे घरटे बांधणारी कुंभारीण माशी तर आपल्या अळ्यांसाठी ते घरटे कोळ्यांनीच भरते. त्यांना हाकलून विडोसाठी रान मोकळे करण्यात शहाणपण नाही.

चावल्यास

हा कोळी माणसाच्या अंगाखाली किंवा हाताखाली दाबला गेला तरच सहसा चावतो. विडो कोळ्यांच्या विषात अल्फा-लॅट्रोटॉक्सिन नावाचे प्रथिन असते आणि ते मज्जातंतूंवर परिणाम करते. काळ्या विडोच्या चाव्याने वेदना अंगभर पसरणे, पोटाचे व पाठीचे स्नायू आखडणे, भरपूर घाम येणे अशी लक्षणे दिसू शकतात. ब्राउन विडोच्या चाव्याचा परिणाम बहुतेक वेळा जागेवरची वेदना आणि लाली एवढाच राहतो. जागा साबणाने धुवावी, थंड पट्टी ठेवावी, आवळपट्टी बांधू नये, चीर देऊ नये, तोंडाने ओढू नये. वेदना पसरू लागली, स्नायू आखडू लागले किंवा चावा लहान मूल, वयोवृद्ध अथवा गर्भवतीला झाला असेल तर लगेच रुग्णालयात जावे आणि कोळ्याचे छायाचित्र सोबत न्यावे. आपल्याकडचे सर्पदंशावरचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर बनवलेले असते, आणि त्याचा कोळ्याच्या विषावर उपयोग होत नाही. म्हणून त्याची मागणी करू नये.

सकाळी उठल्यावर मानेवर किंवा दंडावर जळजळीची लाल रेघ आणि त्यात पाणीदार फोड दिसले की घरची मोठी माणसे ‘कोळी अंगावरून गेला’ असे म्हणतात. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा पेडेरस नावाचा बारीक, काळा-केशरी भुंगा अंगावर चिरडला गेल्यास नेमका असाच व्रण उठतो, आणि एका बाजूला पट्ट्याने उठलेले दुखरे फोड म्हणजे नागीण हा त्वचेचा आजार असू शकतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत आणि नागिणीचे औषध लवकर सुरू करावे लागते, त्यामुळे कोळ्यावर ठपका ठेवून घरगुती लेप लावत बसण्यात वेळ जातो.

गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात जाणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. कोळ्याच्याच वर्गातल्या लाल विंचवाचा दंश ही खरी तातडीची बाब आहे. दंशानंतर उलटी, दरदरून घाम आणि हातपाय गार पडणे ही हृदयावर ताण येत असल्याची लक्षणे असतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू खूपच कमी झाले, पण ते औषध वेळेत मिळायला हवे. अशा वेळी मुंबईपर्यंत आणण्याचा आग्रह न धरता जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.

बरणीत ठेवणाऱ्यांच्या अडचणी

काही विद्यार्थी आणि हौशी निरीक्षक हा कोळी अभ्यासासाठी ठेवतात आणि त्यांच्याही तक्रारी ठरलेल्या असतात. लहान मुले असलेल्या घरात विडो ठेवू नये, महाविद्यालयाची प्रयोगशाळा त्यासाठी योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय उद्यानातून कोणताही जीव परवानगीशिवाय उचलणे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. विडोबरोबरच सह्याद्रीतल्या पोसिलोथेरिया टॅरँटुला या मोठ्या, केसाळ कोळ्यांचीही चौकशी होते. त्यांची सगळी प्रजाती 2019 पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि कोणी विकत देऊ केला तर घेऊ नये.

पहिली तक्रार असते ती बुरशीची. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा आधीच दमट असते, त्यात बरणीत ओला कापूस किंवा माती ठेवली की आठवड्याभरात पांढरी बुरशी धरते. विडोला कोरडी, खेळती हवा लागते. तळाशी कोरडा कागद पुरे, पाण्याचा एखादा थेंब आठवड्यातून एकदा जाळ्यावर सोडावा आणि खाल्लेल्या किड्याचा सांगाडा दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढावा. झाकण उघडताच कोळी जाळ्यासकट वर येतो, ही दुसरी तक्रार. बरणीत उभ्या-आडव्या काड्या नसल्या की तो धागे झाकणालाच बांधतो. काड्यांचा सांगाडा उभा करावा आणि खाद्य टाकण्यासाठी बाजूला बोटाएवढे भोक पाडून त्याला स्पंजचा बोळा बसवावा, म्हणजे झाकण उघडावेच लागत नाही.

मादी खात नाही, असे कोणी कळवले की मी आधी ती प्रौढ आहे का ते विचारतो. वाढीतला कोळी कात टाकण्यापूर्वी खाणे सोडतो, आणि तेव्हा जिवंत नाकतोडा आत ठेवू नये, कारण मऊ अंगाच्या कोळ्याला तो जखमी करतो. प्रौढ विडो मादी मात्र पुन्हा कात टाकत नाही. तिने खाणे सोडले आणि उदर टम्म फुगलेले असेल तर पिशवी होणार आहे, आणि उदर आक्रसलेले असेल तर बहुधा वय झाले आहे.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो, लहान असताना आणलेल्या आणि बरणीत कधीच नर न पाहिलेल्या मादीने केलेल्या पिशवीतून पिल्ले निघतात तेव्हा. याचे कारण असे की या जातीचा नर शेवटची कात टाकण्यापूर्वीच्या अल्पवयीन मादीशीही मीलन करू शकतो आणि ते बीज कात टाकल्यानंतरही तिच्या शरीरात टिकते. त्यामुळे बाहेरून आणलेली कोणतीही मादी बीजधारक आहे असेच धरून चालावे. नवी पिशवी दिसताच ती त्याच दिवशी काढून फ्रीझरमध्ये टाकावी. बरणीच्या हवेच्या भोकांना साधी मच्छरदाणी लावून भागत नाही, पिल्ले तिच्यातून सहज निघतात. तिथे दाट विणीचे मलमल चिकटवावे. ठेवणे जमत नसेल तर मादीला बागेत किंवा संस्थेच्या आवारात सोडून देऊ नये, जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला विचारून तिथे द्यावी.